गोजरबाईच्या धाब्याची माती

मला ही गोष्ट सांगायची नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. दोन वर्षांत पंधरावीस जणांना सांगितली असेल. त्यातले दहा हसले आणि बाकीचे माझ्यामागं हसले. तुम्हीपण हसणार. तुमच्या त्या मोबाईलात भुतं नाचतात, वर गाणं वाजतं, मग म्हाताऱ्याच्या मागं कशाला लागता? पण ही आरती, माझ्या पुतण्याची पोरगी, तीन रात्री डोकं खातेय. आबा सांगा, आबा सांगा. सांगतो. शेकोटीत एक लाकूड सारा. मधे कुणी बोललं तर मी उठून जाईन. आणि ज्याला खोटं म्हणायचं असेल त्यानं आत्ताच घरी जाऊन आईच्या पदराखाली झोपावं.

मी चौथी शिकलोय. मला रंगवून सांगता येत नाही. जे माझ्या डोळ्यानं पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगतो, आणि जे बन्सीच्या तोंडून ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगतो.

बन्सी गवंडी तुमच्यातल्या निम्म्यांनी पाहिलाय. धाब्याच्या घराचा तो आपल्या भागातला शेवटचा कारागीर. नेवाशापासून पार प्रवरासंगमापर्यंत कुणाचं धाबं गळलं की बोलवा बन्सीला. मी त्याच्या हाताखाली चाळीस वर्षं मातीच्या पाट्या वाहिल्या. तो वर, मी खाली.

तुम्ही सगळे स्लॅबखाली जन्मलेले, म्हणून धाबं म्हणजे काय तेही सांगावं लागतं. भिंतींवर तुळया टाकायच्या, दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर कडुनिंबाचा पाला आणि पाल्यावर हातभर पांढरी माती, चोपून चोपून बसवलेली. ही माती पाणी पीत नाही. आभाळ फाटलं तरी पाणी उतारानं जाऊन पन्हाळीतून खाली पडतं, घरात थेंब येत नाही. दरसाल मृगाच्या आधी वर नवा थर द्यायचा. असं पन्नास-साठ वर्षं केलं की ती माती दगडासारखी होते.

धाब्यावर चढायचीसुद्धा रीत असते. चढायच्या आधी ओरडायचं. "धाब्यावर येतोय हो, मी बन्सी!" वरून चार घरांची अंगणं दिसतात, बायाबापड्या न्हाणीत असतात, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. आणि खालून कुणी विचारलं, "वर कोन हाय?" तर नाव सांगायचं. गप्प राहिला तो चोर. बन्सीच्या जिभेला हे इतकं वळण पडलं होतं की एकदा एसटीच्या टपावर कांद्याची गोणी चढवायला गेला, तर तिथूनही ओरडला. सगळी एसटी हसली. कंडक्टर म्हणाला, "या बन्सीशेठ, वर कुनी अंघोळ करत न्हाई."

आता गोजरबाई. वेशीबाहेरचं ते एकटं घर तिचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावकीशी उभा दावा. बाई म्हणजे विस्तव. तिच्या धाब्यावरून मांजर चाललं तरी खालून काठीनं तुळईला ठोकायची. ठक, ठक, ठक. "वर कोन हाय?" आम्ही पोरं असताना पतंग तिच्या धाब्यावर पडला तर तो पतंग गेला म्हणायचं, दुसरा करायचा.

जायच्या आधी चार दिवस तिनं बन्सीला बोलावून घेतलं. मी दाराशीच उभा होतो.

"बन्सी, माझ्यामागं हे घर कुनीबी घेईल. पर धाबं तूच उकलशील, दुसऱ्या कुनाला येत न्हाई. पयली पाटी प्रवरंत सोडायची. मग बाकीची हव्या त्या खड्ड्यात घाल."

"सोडतो, मावशी."

"हातावर हात मार."

त्यानं मारला.

ही पहिल्या पाटीची रीत जुनी आहे. ज्या मातीखाली माणसं जन्मली, आजारली, मेली, ती माती उतरवताना पहिली पाटी वाहत्या पाण्यात सोडायची. म्हणजे घर मोडलं हे मातीला कळतं. बन्सीचा बाप सांगायचा, तिला कळलं नाही तर तिला वाटतं, आपण अजून छप्परच आहोत.

गोजरबाई गेली. चार वर्षं घर बंद राहिलं. भाच्यानं ते विकून टाकलं. आणि मग आला तो गोरा.

त्याचं नाव ग्रॅहम. गावानं त्याचं ग्रहण केलं. ग्रहणसाहेब. तिकडं इंग्लंडात रेल्वेत होता म्हणे. बायको आपल्यातली, निवेदिताबाई, नगरच्या एका मास्तरांची मुलगी. तिकडं तीस वर्षं नर्स होती. दोघं रिटायर झाली आणि शांत गाव पाहिजे म्हणून इथं आली. शांत गाव! आमच्या गावात शांत असतं ते फक्त मसणवट्यात, आणि तिथंही दशक्रियेला माईक लावतात.

मराठी शिकला होता तो, पण कशी? कुत्र्याला 'अहो' म्हणायचा आणि सरपंचाला 'अरे'. गाव त्याच्या कुंपणाला लोंबकळून बघायचं. साठीपुढचा माणूस डोक्यावर टोपी घालून गुडघे टेकून गवत लावायचा. गवत! आपण जन्मभर खुरपून खुरपून कमरा मोडून घेतल्या, आणि हा ते पैदा करतोय, वर त्याला पाणी पाजतोय. पाणी बन्सीच्या विहिरीचं. शेजारचंच रान बन्सीचं, तिथून पाईप टाकला होता.

मला तो माणूस आवडला नाही. त्यालाही मी आवडलो नाही. मी बांधावर थुंकलो की तो बायकोकडं बघायचा आणि ती मला म्हणायची, "पुंजारामकाका, प्लीज." एक मात्र कबूल करतो, चुन्याचं त्याला कळत होतं. सिमेंटचं पोतं त्यानं दारात येऊ दिलं नाही. भिंतीचा दगडसुद्धा बदलला नाही. पण तुळया वाळवीनं पोखरल्या होत्या. धाबं काढून कौलं घालायची ठरलं.

एप्रिलात धाबं उकललं. बन्सी वर, मी खाली, दारात ट्रॅक्टर-ट्रॉली. पहिली पाटी भरून खाली आली. गोऱ्यानं त्यातली मूठभर माती काचेच्या बाटलीत घातली, पाणी ओतलं, गदागदा हलवलं आणि उन्हात धरून बघत बसला. मग डोळे चमकले त्याचे.

"बन्सी! हे माती सोना आहे. सगळा बागेत. सगळा!"

"साहेब, पयली पाटी नदीला," बन्सी वरून म्हणाला.

बाईनं त्याला समजावून सांगितलं. तो हसला. वाईट हसला असं नाही म्हणणार, पण हसला. बाई म्हणाली, "बन्सीमामा, एक पाटीच ना? बाजूला ठेवा, संध्याकाळी सोडा. ट्रॅक्टर दुपारी परत द्यायचाय हो."

बन्सीनं पाटी भिंतीपाशी ठेवली. दुपारी ट्रॉलीवाल्यानं घाई केली, पोरांनी दिसेल ती पाटी उचलून ट्रॉलीत ओतली. संध्याकाळी मी बघितलं तर भिंतीपाशी काही नव्हतं.

"पाटी सोडली का रं?"

"सोडली, सोडली. लई पिडू नको."

नदी तिथून कोसभर. जायचं म्हणजे घोट्याएवढ्या चिखलातून काठाला उतरायचं. बन्सीचे पाय कोरडे होते. धोतरावर पांढरी धूळ, चिखलाचा ठिपका नाही. मला दिसलं. मी बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

त्या मातीचा मोठा वाफा केला गोऱ्यानं. खोलीएवढा लांबरुंद, दीड हात खोल, कडेला दगडांची ओळ. शेणखत घातलं, वाळू घातली, कसला कसला पाला कुजवून घातला. दिवाळीला त्यात विलायती गुलाब लावले. आणि पाणी जिरेना. सकाळी सोडलेलं पाणी संध्याकाळी तसंच, ताटात ठेवल्यासारखं. संध्याकाळी हा दाताळ्यानं माती मोकळी करायचा, सकाळी बघावं तर सपाट. नुसती सपाट नाही, चोपलेली. उतार काढलेला.

गोऱ्याला वाटलं, गावातले टारगट रात्री येऊन वाफा तुडवतात. त्यानं पोलीस पाटलाकडं तक्रार दिली. गाव पेटलं. कुणी म्हणालं, गवतावर ढोरं सोडा. कुणी त्याच्या फाटकाला फाटकी चप्पल बांधली. ती चप्पल मी बांधली नाही, पण बांधणाऱ्याला चहा मी पाजला.

बन्सी मात्र त्या वाफ्याकडं बघायचा नाही. जाता-येता तोंड फिरवायचा.

आता रात्र सांगतो. तारीख सतरा डिसेंबर, दोन हजार तेवीस. रविवार. दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. घरोघरी वांगी आणि कांद्याची पात येऊन पडली होती. गोरा आणि बाई नगरला गेले होते, तिच्या भाच्याच्या लग्नाला. जाताना बन्सीला सांगून गेले, रात्री गुलाबाला पाणी द्या. कारण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री बारा ते सकाळी आठ. मोटर चालायची तर रात्रीच.

साडेअकराला बन्सी माझ्या दारात आला. डोक्याला मफलर, हातात बॅटरी, खांद्यावर फावडं.

"येतो का रं पुंजा? दोघं असलं की बरं."

"गोऱ्याच्या गवताला पानी पाजाया? मी न्हाई येत. मर एकला."

हेच शब्द. आपण रोज म्हणतो असं, त्यात काय. तो हसला आणि गेला.

एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण फोनवरच आकडा दिसतो.

"पुंजा."

"काय रं?"

"जागा हायेस का?"

"आता झालो. बोल."

काही नाही. मोटरीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"बन्सी?"

"वाफ्यात हुबाय मी. पानी जिरंना म्हनून मधी गेल्तो, फोडाया…" थांबला. "खालून ठोकतंय."

"काय ठोकतंय?"

"काठी."

मी त्याला शिवी दिली. म्हणालो, उंदीर असंल, घूस असंल, घरी जा, झोप. आणि बोलता बोलता मीच गप्प झालो. फोनमधून आलं.

ठक.

ठक.

ठक.

मग बाईचा आवाज. म्हातारा. लांबून, पण स्पष्ट. मला वाटलं लाईन दुसऱ्याला लागली.

"वर कोन हाय?"

आणि बन्सी बोलला. माझ्याशी नाही.

"मी हाय, मावशी. बन्सी. गवंडी."

मी उठून बसलो.

"बन्सी, बोलू नको. तोंड बंद ठेव."

"बोललो रं…" त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "तोंडातनं गेलं. सवयीनं गेलं."

"बाहीर निघ तिथनं."

"पाटी कुठाय म्हनती."

"बन्सी, निघ!"

"माझी पाटी कुठाय म्हनती… खाली ये म्हनती."

फोन चालूच राहिला. 

मी अंगावरच्या घोंगड्यासकट तसाच निघालो. पायात चप्पल एकच, दुसरी सापडली नाही. ते बघा, आत्ता कुणी हसलं तिथं, पण त्या दिवशी मी हसलो नव्हतो. सडकेनं पाव कोस. दोन्ही बाजूला ऊस. चंद्र कधीच मावळला होता. समोरून उसाची दोन ट्रॉल्यांची गाडी आली, ड्रायव्हरनं मोठ्यानं गाणं लावलेलं. मी हात केला. त्यानं थांबवली नाही. ते गाणं लांब जाईपर्यंत ऐकू आलं, आणि मग नुसती मोटर.

फाटक उघडं होतं. घरात अंधार. बागेत पाणी चमकत होतं, वरच्या चांदण्यांसकट. आणि वाफ्याच्या मधोमध बन्सी. घोट्याएवढ्या पाण्यात. फावडं पडलेलं. बॅटरी हातात पेटलेली, खाली धरलेली. तो पायाकडं बघत होता.

"बन्सी."

"पाय टाकू नको." मान वर न करता बोलला. "खण बोलतोय."

मी कडेलाच थांबलो. ऐकलं.

कर्रर्र.

जमिनीवर उभं राहून ऐकायचा आवाज नाही तो. चाळीस वर्षं मी तो आवाज धाब्यावर ऐकलाय. पोखरलेली तुळई जायच्या आधी बोलते. एकदा बोलते. दोनदा बोलते. तिसऱ्यांदा बोलत नाही.

माझ्या पायाखाली काळं रान. मला माहीत होतं. तिथं खाली काही नाही हे माहीत होतं. तरी मी मागं सरलो.

कर्रर्र.

"दोन झालं," बन्सी म्हणाला.

धाबं पायाखाली जायला लागलं की पळायचं नसतं. पळणारा जातो. हातपाय पसरून आडवं पडायचं, वजन वाटायचं आणि लोळत भिंतीकडं यायचं. हे मला त्यानंच शिकवलेलं. काष्टीला एका धाब्यावर माझा पाय गेला होता तेव्हा ओरडून ओरडून मला लोळवत आणलं होतं त्यानं.

"आडवा पड! लोळ! माझ्याकडं लोळ!"

तो पडला. पाण्यात. हात पसरले. गुलाबाची काटेरी खोडं अंगाखाली मोडली.

ठक.

बरोबर त्याच्या छातीखाली. पाण्यावर गोल उठला. लाट कडेपर्यंत आली, माझ्या पायाला लागली.

ठक.

"लोळ रं भाड्या!"

एक वळसा. दुसरा. माझ्यापासून दोन हात. मी पोटावर पडलो, हात लांब केला. त्याची बोटं लागली. गार. मनगट धरलं.

तेव्हा त्याचा डावा पाय आत गेला.

गुडघ्यापर्यंत. फोडून गेल्यासारखा नाही. कुणी दार उघडावं तसा.

आवाज नाही. काही नाही. तो माझ्याकडं बघत होता. मी ओढतोय… आणि कुणीतरी ओढतंय.

"सोड," तो म्हणाला.

मला म्हणाला का खाली म्हणाला, ते मला आजही माहीत नाही. मी सोडला नाही. मी खंडोबाची शपथ घातली, शिव्या घातल्या, दोन्ही पाय कडेच्या दगडाला लावले आणि ओढला.

आला.

त्याच क्षणी लाईट गेली. मोटर बंद पडली. सगळं… गप्प.

आम्ही दोघं त्या गवतावर पडलो होतो. त्याचं अंग थडथड उडत होतं. मी माझं घोंगडं त्याच्यावर टाकलं, छाती चोळली.

"पुंजा, पाटी न्हाई सोडली म्या."

"ठाव हाय."

"तुला ठाव हुतं?"

"तुझं पाय कोरडं हुतं."

तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग डोळे मिटले. त्यानंतर तो बोलला नाही.

मी त्याच्या पोराला फोन लावला. अमृत त्याचं नाव. दुधाचा पिकअप चालवतो, पहाटे डेअरीला जातो. दहा मिनिटांत आला. आम्ही बन्सीला मागं कॅनच्या जागेवर झोपवलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नेवाशाच्या अलीकडं, पूल लागला तेव्हा, मांडीवरचं डोकं जड झालं. एवढंच. डॉक्टर म्हणाला, हार्ट अटॅक. म्हातारं माणूस, थंडी, ओले कपडे. डॉक्टरला काय म्हणायचं ते त्यानं म्हटलं.

आणि तिथं, दवाखान्याच्या पायरीवर, चारचौघांत, अमृतनं माझी गचांडी धरली.

"रात्री दोन वाजता दोघं तिथं काय करीत हुता? ढोसली असंल दोघांनी. ह्यानंच नेलं माझ्या बापाला!"

मार्गशीर्षातले पहिले सहा दिवस मी दारूचा थेंब घेत नाही. माझ्या बापापासून चालत आलंय, खंडोबाचं असतं. एरवी घेतो, लपवत नाही. मी म्हणालो, "अमृत, वास घे. तोंडाचा वास घे माझ्या." त्यानं तोंड फिरवलं. माती झाली तेव्हा मला खांदा देऊ दिला नाही. तेराव्याला निरोप आला, येऊ नका. गावात झालं, पुंजारामनं बन्सीला पाजलं आणि मारलं. चाळीस वर्षं त्याच्या पाट्या वाहिल्या मी.

चौदाव्या दिवशी सकाळी मी अमृतच्या दारात गेलो. म्हणालो, शिव्या मग दे, आधी चल. त्याला हाताला धरून बागेत नेलं. गोरा आणि बाई आले होते, पण वाफ्याला कुणी हात लावला नव्हता. गोरा टोपी हातात घेऊन कडेला उभा होता. 

पाणी गेलं होतं. वाफा कोरडा, पांढरा. बन्सीचा पाय गेला होता तिथं एक भोक होतं. पायानं पडलेलं भोक कसं असतं? फाटकं असतं, कड ढासळलेली असते. हे तसं नव्हतं. ताटाएवढं, गोल, कडेला मातीचा उंच काठ आणि तो काठ हातानं सारवलेला. बोटांच्या खुणा दिसत होत्या.

धाब्याच्या घराला छपरात असं भोक ठेवतात, उजेड आत यायला आणि चुलीचा धूर वर जायला. आमच्याकडं साणं म्हणतात त्याला. मी आणि बन्सीनं शेकड्यांनी केलीत. पण ती धाब्यावर केली. जमिनीत नाही.

गोऱ्यानं मग तो सगळा वाफा खणला. चार फूट खाली गेला. काळी माती, त्याखाली मुरूम. पोकळ काही नाही. पण ते नंतर. त्या सकाळी भोक अजून होतं, आणि अमृत त्याच्यापाशी गुडघे टेकून बसला. बाही वर केली. हात आत घातला, कोपरापर्यंत. काठाच्या आतल्या बाजूनं बोटं फिरवली. हळूहळू, गोल.

बाहेर काढला तेव्हा पंजा काळा होता.

धुरोसा. चुलीचा. वर्षानुवर्षं धूर लागून बसतो तसा जाड, तेलकट.

त्यानं बोटं नाकाशी नेली. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. ओठ हललेसुद्धा. मग त्यानं तो हात पँटीला पुसला, एकदा, दोनदा, आणि पिकअप चालू करून निघून गेला.

दोन वर्षं झाली. रोज पहाटे तो पिकअप माझ्या दारावरून जातो. माझं दार आलं की तो काच वर करतो. त्या हाताला काय लागलं होतं ते मलाही माहीत आहे आणि त्यालाही. गावाला सांगायला नको, मला येऊन एकदा म्हणाला असता तरी चाललं असतं, काका, चुकलं. नाही म्हणाला.

गोऱ्याकडून नाही, बाईकडून नाही, गोजरबाईकडून नाही. माझी माफी मागणं एकाच माणसाकडून राहिलंय. अमृत. बन्सीचा अमृत.